सांडशी, एकसष्टावी

भोसरीच्या शेडमध्ये, वरच्या मजल्यावर,
तन्वेशनं माझ्या खुर्चीशेजारी स्टूल ओढलं
आणि माझ्या निम्म्या वयाच्या आवाजात म्हणाला,
"मॅडम, याला फक्त नीट सांगायचं."

तेवीस वर्षं मी कागदाला काही सांगितलं नव्हतं.
टूबी पेन्सिल, डाव्या तळव्याखाली ट्रेसिंग,
कोपर सरकेल तशी रेघ.
आता रेघेच्या जागी एक चौकट
आणि तिच्यात लुकलुकणारी उभी काडी.

मी लिहिलं: सांडशी.
त्यानं खेकड्याची नांगी दिली.
मग पक्कड. मग दाताच्या डॉक्टरांचं काहीतरी.
मी लिहिलं, अहो, स्वयंपाकघरातली.
सांडू नये म्हणून सांडशी.
तर नम्रपणे म्हणाला, मूळ शब्द संदंश,
सांडण्याशी संबंध नाही.
चाळीस वर्षांची माझी समजूत
तन्वेशसमोर गेली.

संध्याकाळपर्यंत साठ झाल्या.
राखाडी भिंतीपुढे रांगेत,
एकीलाही करपल्याचा डाग नाही.
तन्वेश म्हणाला, भारी.
भारीच होत्या. सराफाच्या काचेत ठेवाव्यात अशा.
एकीच्याही आसपास दूध उतू जात नव्हतं.

बस हॅरिस पुलावर चाळीस मिनिटं उभी.
धनकवडीला पोचून मी कुकर उघडला
आणि डाळीचा डबा काढताना
पहिल्यांदा स्वतःचा हात बघितला,
शेजाऱ्याच्या घरात डोकावावं तसा.

दुसऱ्या दिवशी त्याला लिहिलं:
बोटांना कणीक आहे.
चष्म्यावर वाफ.
पातेल्याला काठ नाही, आमटी गळ्याशी.
धरल्या धरल्या कोणी उचलत नाही,
आधी जरासं हलवून बघतात,
ओढ्यातल्या दगडावर पाय ठेवताना बघतात तसं.
उचलल्यापासून ठेवेपर्यंत
घरात कोणी बोलत नाही.
आणि नेमकं तेव्हाच
एखादं पोर मधे येतं.

लिहिताना थांबले.
हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं.
मालकांना नाही, शिकाऊ पोरांना नाही.
इतकी वर्षं हे सगळं कोपरात होतं
आणि कोपराला कोणी विचारलं नव्हतं.

तो म्हणाला, समजलो.
पुढच्याच परिच्छेदात म्हणाला, समजले.
मी म्हटलं, आधी तुझं ठरव.
तेव्हापासून आमचं अरेतुरे.

एकसष्टावी वाकडी निघाली.
एक जबडा आखूड, दुसरा अर्ध्या बोटानं लांब.
चूक म्हणून पुसणार होते,
पण चुकीकडे बघत राहायची
मला जुनी खोड आहे.
कागदावर छापून खाली नेली.

टूलरूममध्ये इलाही शिकलगारांनी
ती चष्मा वर सारून पाहिली, मग चष्मा खाली घेऊन,
आणि जेवणाच्या सुट्टीआधी
उरलेल्या पत्र्यातून कापून दिली.
चहाचं पातेलं गळ्यापर्यंत भरलं.
आखूड जबडा आत बसला,
लांब बाहेरून पोटाला टेकला,
पडणाऱ्याच्या पाठीला हात लावावा तसा.
पाणी हललं. सांडलं नाही.

"कोणी काढली ही?"

"आम्ही," मी म्हणाले,
आणि आजूबाजूला बघितलं.
तन्वेश टपरीवर होता.
आम्ही म्हणजे कोण मग?
आणि त्या आम्हीत शिकलगार बसत नाहीत,
ज्यांच्या हातात आत्ता पातेलं आहे.
आपण म्हणावं,
तर वर ती काडी लुकलुकत असणार,
तिला धरायचं की वगळायचं?
मराठीनं दोन दारं दिली आहेत
आणि मी उंबऱ्यावरच.

ते उत्तरासाठी थांबले नव्हते.
"खिळा ढिला ठेवू की आवळू?"

मी सांडशी घेतली, काठाला लावली,
जराशी हलवून बघितली.
पुन्हा एकदा.
"किंचित ढिला," म्हटलं.

हे त्याला सांगायचं अजून राहिलंय.